म्हादूची आय, वय अदमासे साठ

११ फेब्रु. १९५०, डोंबिवली
मतदारांच्या यादीचं काम गळ्यात पडलं. एवढ्या मास्तरांत हेडमास्तरांना मीच दिसलो. म्हणाले, "तुम्ही एकटे. घरी कोण वाट बघतंय?" खरं आहे, पण तोंडावर सांगायची गरज नव्हती. आता शाळा सुटली की वही घेऊन दारोदार. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. एकवीस पूर्ण झालेलं प्रत्येक माणूस मत देणार, बाई असो की पुरुष, शिकलेलं असो की अंगठेबहाद्दर. मला हे फार आवडलं आहे. कोणाजवळ बोललो नाही. बोलायला आहे कोण.

१५ फेब्रु.
मी लोकांना नाव विचारतो, लोक मला गाव. कराची म्हटलं की, "ते नव्हे हो, मूळ गाव." मूळ गाव गुहागराकडे कुठेतरी. आजोबा तिथून निघाले ते निघालेच. मी कराचीत जन्मलो, तिथल्याच मराठी शाळेत शिकलो, शिकवलं, आईला तिथेच पोचवलं आणि दोन वर्षांपूर्वी बोटीने मुंबईला उतरलो. इथे मी 'कराचीवाले'. कल्याण कँपातले सिंधी तेवढे मला मराठी म्हणतात.

१९ फेब्रु.
बायका स्वतःचं नाव सांगत नाहीत. नवरे तर त्याहून. पुढच्या आळीतले वकील, कोर्टात गर्जत असतील, बायकोचं नाव विचारलं तर "आमच्या घरातून" म्हणून गप्प. मी 'यांची पत्नी' असं लिहून मोकळा झालो. परक्या बाईचं नाव खोदून विचारणं मला जमत नाही.

खाडीकडच्या पाड्यावर गेलो. तिथली माणसं मिठागरावर राबणारी. शेवटच्या खोपटात एक म्हातारी एकटीच. नाव विचारलं. "म्हादूची आय हाय मी. तसंच लिव." लिहिलं: महादूची आई, वय अदमासे साठ. फार सभ्यपणा केला असं वाटत घरी आलो.

२६ फेब्रु.
काम संपलं. वही हेडमा.कडे दिली. त्यांनी चाळली, म्हणाले, "अक्षर सुरेख." बस्स.

१८ मार्च
कल्याणहून कचेरीचा हुकूम. 'अमक्याची पत्नी, तमक्याची आई' चालणार नाही. महिनाअखेर खरी नावं आली नाहीत तर अशा सगळ्या बायका यादीतून कमी. माझ्या वहीत अशा सगळ्यात जास्त. म्हणजे माझ्या सभ्यपणापायी निम्म्या आळीचं मत जाणार. हेडमा. म्हणाले, त्यांनाच नको असेल तर तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?

लावून घेतलं आहे खरं.

पुढे म्हणाले, "आणि तुमचं स्वतःचं नाव कुठाय?"

वही उलटून पाहिली. आमच्या घराच्या पानावर घरमालक जोशीकाकांचं कुटुंब आहे, ओळीने सगळं. मागच्या खोलीतला भाडेकरू नाही. काका सांगत होते, मी लिहीत होतो. त्यांना मी आठवलो नाही. मलाही आठवलो नाही. हेडमा. हसले, मीही हसलो. घरी येताना हसू आलं नाही.

२१ मार्च
आळीतली नावं मिळत चालली. वकिलांच्या मुलीने आईचं नाव पाटीवर लिहून दाखवलं. जोशीकाकूंनी तर स्वयंपाकघरातून सांगितलं, वर "नीट लिहा हो, दीर्घ."

माझं नाव अजून घातलेलं नाही. कोऱ्या ओळीपाशी पेन घेऊन बसलो होतो. या गावात मला 'मास्तर' म्हणतात, खाणावळीत 'तीन नंबर'. वामन म्हणून हाक मारणारी आई शेवटची. जे नाव कोणी घेत नाही ते यादीत घालून काय करायचं, असं वाटून उठलो. हा वेडेपणा आहे, कळतं.

२३ मार्च
पाड्यावर. म्हातारी मिठाचा ढीग ओढत होती. हुकूम समजावून सांगितला. म्हादूलाच विचारतो म्हटलं, तो कुठे असतो? म्हणाली, म्हादू चार वर्षांखाली तापाने गेला. तिला वाटलं होतं मला ठाऊक आहे.

तीच पुढे बोलली. "जल्मला तवा कुटं लिवला नाय. मेला तवा बी नाय. तुज्या वहीत पैल्यांदा लिवला. तो काटू नको."

म्हटलं, आजी, नाव दिलं नाही तर सगळी ओळच जाईल. ती पुन्हा मीठ ओढायला लागली.

२७ मार्च
हेडमा.नी उपाय सुचवला. लक्ष्मी घाला, नाहीतर सीता, कोण बघायला येतंय. खरंच कोणी येणार नाही. पेन उचललं होतं. मग ठेवलं. पुरता लाचार झालो नसेन, एवढंच.

३० मार्च
उद्या वही कल्याणला जायची. शाळा सुटल्यावर बांधाने पाड्यावर. पाय भरून आले होते, दारातच बसलो. म्हातारीने पाणी दिलं. मला विचारलं, तुझं लिहिलंस का? नाही म्हटलं. का? म्हटलं, इथे ते नाव कोणी घेत नाही.

"तुजी आय तुला काय हाक मारायची?"

वामन, म्हटलं.

"वामना, आदी तुजं लिव. मंग माजं सांगतंय."

तिच्या दारात बसून लिहिलं. अक्षर सुरेख नाही आलं. मग तिने तिचं नाव सांगितलं, आवाज खाली घेऊन, स्वतःलाच आठवून बघावं तसं. ते सरकारच्या वहीत आहे. इथे लिहीत नाही. 'महादूची आई' खोडलं, तेव्हा ती खाडीकडे बघत होती.

निघताना मीठ दिलं. मी हात पुढे केला तर पुडी जमिनीवर ठेवली. मीठ हातात दिलं की भांडण होतं. म्हणाली, "आपलं नको."

३१ मार्च
वही कल्याणला पोचवली. कचेरीतल्या कारकुनाने न बघता गठ्ठ्यावर टाकली. नावं यादीत घेतील का, विचारलं. "छापून येईल तेव्हा बघा." कधी, ते त्यालाही माहीत नाही.

परत आलो. जोशीकाका ओटीवर होते, म्हणाले, "काय मास्तर, संपलं काम?" हो म्हटलं.

काल उठताना म्हातारीने विचारलं होतं, म्हादूला आता कुठे ठेवशील? माझ्याकडे एक वही आहे, म्हटलं. सरकारी नाही. चालेल म्हणाली.

म्हणून इथे. महादू. राहणार खाडीकडचा पाडा. धंदा, मिठागरावर मजुरी. वय मी विचारलं नाही. रविवारी जाऊन विचारायचं आहे.