उचापत्याच्या बोटातली अंगठी

सोमवार, १४ जुलै

धनूशी पुन्हा भांडण. विषय तोच, त्याचं बिल्ड, म्हणजे व्हिडिओ गेममधल्या त्याच्या कॅरॅक्टरची बांधणी. मी म्हटलं, लाइफ वाढव. तो म्हणाला, "आक्का, तेवढं लाइफ वाढवून खेळायचं तर टीव्ही बघ की मग." हेडफोन काढून आदळला मी. मग परत घातला, कारण मालक अजून जिवंत आहे आणि सीझन पुढच्या सोमवारी संपतो.

मालक म्हणजे शेवटचा राक्षस. खेळात त्याला भलतंच लांबलचक नाव आहे, आम्ही मालक म्हणतो. आमचा मोड असा की एकदा मेलं की मेलं, कॅरॅक्टर कायमचं गेलं. सहा महिने वाढवलेलं असलं तरी. माझ्या कॅरॅक्टरचं नाव 'भिंत'. पुढं उभं राहायचं, मार खायचा, मागच्याला वाचवायचं. धाकट्या भावाचा तो 'उचापत्या'. त्याचं लाइफ एक तृतीयांशाच्या खाली असलं की घाव दुप्पट बसतात, म्हणून हा गडी मुद्दाम कायम जखमी फिरतो. वर एक जादूची ढाल, सगळी मदार तिच्यावर. ती फुटली की एका फटक्यात खलास. आणि हे कुठं बसून? गगनबावड्यात! पाऊस लागला की नेट जातं तिथं. डोकं फिरेल नाही तर काय.

मंगळवार, १५ जुलै

दवाखान्यात दिवसभर डोळ्यांचे नंबर काढून माझेच डोळे गेले.

घरी आल्यावर आईचा रोजचा प्रश्न, "काय म्हणतोय त्यो?" सांगितलं, सर्दी गेली, मेसचं जेवण बरं आहे. हे सगळं मला खेळता खेळता कळतं. आई हॉलमध्येच विचारते, बाबांना ऐकू जावं म्हणून. बाबा पेपर उलटतात. मान वर नाही.

तीन वर्षं झाली या अबोल्याला. त्याच्याही आधीची गोष्ट. पुण्याच्या गेम कंपनीचा फोन आला तेव्हा धनू अंघोळीला गेला होता. बाबांनी उचलला. "त्यो न्हाय येणार, त्यानं हितंच नोकरी धरलीया," असं सांगून ठेवून दिला. पोरगं जवळ राहावं, बाकी काही नाही. पण धनूला बोलले नाहीत, आम्हालाही नाही. पुढं वर्षभरानं त्याच कंपनीत लागलेल्या मित्राकडून त्याला कळलं. भांडला नाही. बॅग भरली आणि गगनबावड्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला गेला. आईशी सणासुदीला बोलतो, बाबांशी नाही. माझ्याशी खेळात.

आणि गेल्या महिन्यात स्वतःच म्हणाला, "मालक पडला तर गणपतीला घरी येतो." थट्टेत. मी थट्टेत घेतलं नाही. आईलाही सांगून बसले. आता ती खिरापतीपासून सगळं ठरवतेय. कुठून बोलले असं झालंय.

बुधवार, १६ जुलै

दवाखाना अर्धा दिवस. दुपारी कट्ट्यावर जुंपली. कट्टा म्हणजे आम्हा मराठी खेळणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप. सांगलीचा एकजण आहे, नाव कुणाला माहीत नाही, सगळे पावणं म्हणतात. त्याचं म्हणणं, जोखीम घेणाऱ्याला जादा ताकद मिळालीच पाहिजे, "न्हायतर ह्यो खेळ हाय का पेन्शन?" मी लिहिलं, पावणं, तुमच्या डिझायनरला एकदा घाटावर आणून बसवा. ज्याचं नेट ढगावर चालतं त्याला आणि परदेशातल्या पोराला एकच नियम, ही कसली डिझाइन? जखमी राहण्याला बक्षीस देणं म्हणजे माणसाला मरायला फूस लावणं.

त्यावर धनूच मध्ये पडला. शाळेत मधली सुट्टी असावी. "आक्का, नियम एकच हाय म्हणून तर मजा हाय. मला नियम म्हायती असला की मरायची जबाबदारी माझी."

पावण्यानं टाळ्या वाजवल्या. कट्टाभर टाळ्या. मी लॉगआउट.

मग ते केलं. त्याची बॅग मीच लावते, खेळातली. त्याच्या नेटवर दुकान उघडायलाच युग लागतं, म्हणून पासवर्ड त्यानंच दिलाय. दुपारी मी भंगार विकते, औषधं भरते, तो संध्याकाळी येऊन नुसता खेळतो. लहानपणी त्याचं दप्तरही मीच भरायची. आज भंगार विकलं, औषधं भरली, आणि उचापत्याच्या बोटातली हिरवी अंगठी काढून दुसरी घातली. तीही हिरवीच, पण लाइफ हळूहळू भरणारी, चिलखतही बरंच देणारी. आधी प्लॅनरवर, म्हणजे बिल्डचा हिशोब करून देणाऱ्या वेबसाइटवर, सगळं मांडून बघितलं. लाइफ वाढतं, पण एक तृतीयांशाच्या आतच राहतं. घाव तेवढेच. फक्त मरण थोडं लांब.

विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. म्हणून...

गुरुवार, १७ जुलै

तिकडे धो धो. नेट अर्धा तास आलं, तेवढ्यात उद्याचं ठरलं. उद्या मालक.

जाता जाता म्हणाला, "आक्का, कशाला हात लावला न्हाईस न्हवं? मला सगळं जसंच्या तसं पायजे."

"भंगार इकलं फक्त."

का असं बोलले? सांगायची एवढी चांगली संधी होती. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घ्यायचं कसं ते कळेना. जेवण गेलं नाही. आई म्हणते ॲसिडिटी.

शुक्रवार, १८ जुलै

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सहाला सुरू. बाहेर टेंबलाईची यात्रा, वाजंत्र्यांचं पी-ढबाक अगदी दारातून चाललेलं. माझ्या माइकमधून त्याला ऐकू गेलं. "आपली गल्ली निघाली व्हय?" म्हणाला. आवाज एकदम मऊ. मी खिडकी उघडी ठेवली. तो नुसतं ऐकत होता.

पहिले दोन टप्पे झक्कास. भिंत मार खात होती, उचापत्या मागून असा काही सुटला होता की मलाच ओरडावंसं वाटलं. तिसऱ्या टप्प्यात मालक सगळी फरशी पेटवतो. तेव्हा एकच जागा सुरक्षित, माझ्या शेजारी. त्यानं येऊन मला चिकटून उभं राहायचं आणि तिथून घाव घालायचे. महिनाभर हेच घोकलं होतं.

तो आला. उभा राहिला. आणि घाव पोकळ झाले.

"आक्का, लागंनात घाव. निम्मंच बसाय लागल्यात."

"नेट असंल."

"नेट न्हाय गं. लाइफ चढाय लागलंय. कशानं चढतंय?"

मला अंगठी आठवली. मालकाचं एवढंसं राहिलेलं, बोटाच्या पेराएवढं. चार दुप्पट घावांचं काम. निम्म्या घावांनी वेळ दुप्पट लागला आणि तेवढ्यात ढाल फुटली. मग एक फटका.

उचापत्या पडला. मी बाहेर पळाले, भिंत जगली. भिंती जगतातच.

त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "आईनं आज काय केलंय?"

"भेंडी."

"बरं." मग गेला.

शनिवार, १९ जुलै

सकाळीच प्लॅनर उघडला. अंगठी एकटी काहीच चुकीचं करत नाही. लाइफ एक तृतीयांशाच्या आतच. बुधवारी मी बघितलं ते बरोबर होतं. पण भिंतीच्या शेजारी जो उभा राहील त्याचं लाइफ भरायचा वेग वाढतो, म्हणून ते एक तृतीयांशाच्या वर चढलं आणि घाव निम्मे झाले. ते माझंच कौशल्य आहे, मोठ्या हौसेनं घेतलेलं, साथीदार जगावा म्हणून. त्याचा हिशोब मी त्याला एकटं धरून केला, आणि शेजारी उभी मीच होते. ते कौशल्य घेतलं नसतं तरी तो वाचला असता.

सगळ्यात लाजिरवाणं हे, की त्यानंतर मी त्याच्या अकाउंटमध्ये शिरले. अंगठी काढता येते का बघायला. नाही येत. मेलेलं कॅरॅक्टर यादीत तसंच राहतं, मरताना जे अंगावर होतं त्यासकट. हात लावता येत नाही, फक्त बघता येतं. लगेच बाहेर आले. कुणी बघितल्यासारखं झालं.

बाबा आठवले. नाही, तसं नाही. नोकरी कुठं, अंगठी कुठं.

तसंच आहे. हेतू चांगला, विचारायचं नाही, वर खोटं बोलायचं. मी तीन वर्षं बाबांना मनातल्या मनात नावं ठेवली.

धनूचा पत्ता नाही.

रविवार, २० जुलै

कट्ट्यावर धनूचं भलं मोठं लिखाण, मोबाइलवरून टाकलेलं. डिझायनरांनी फसवलं म्हणतो. तिसऱ्या टप्प्यात मालक लपूनछपून खेळणाऱ्याचं लाइफ भरतो, जखमी बिल्ड मारायला मुद्दाम ठेवलेला सापळा आहे, आणि नियम लपवला. "नियम लपीवणं म्हंजे दगाबाजी." खाली पन्नास जण भांडतायत. निम्मे त्याच्या बाजूनं. माझ्या बाजूनंही काही, म्हणजे भिंतवाले, ते म्हणतात असल्या बिल्डचं असंच व्हायला हवं. त्यांची मला शिसारी आली.

मग पावणं आलं. "मालक असलं काय करत न्हाय. मरताना अंगावर काय हुतं त्याचा फोटू टाक की."

धनूचं उत्तर, "लॅपटॉपला नेट आलं की टाकतो."

त्याला फोटोतून कळू द्यायचं? सगळ्या कट्ट्यासमोर? बाबांचंही त्याला दुसऱ्याकडूनच कळलं होतं.

गच्चीवर जाऊन फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"अंगठी मी घातलेली."

"कुठली?"

"हिरवी. बुधवारी. ती लाइफ भरती. माझ्याजवळ आलास की जास्तच भरती. मालकाचं काय न्हाय त्यात."

त्याच्या खोलीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"गुरुवारी मी इचारलं हुतं तुला."

"व्हय."

"मग?"

"भ्याले. मरशील म्हणून."

"मेलोच की."

रडू येत होतं, पण रडून त्याच्याकडून माफी उकळायची नव्हती, म्हणून ओठ चावून उभी राहिले. तोच म्हणाला, "कट्ट्यावर लिवतो मी. चूक आमचीच हुती, डिझाइनची न्हवं. उगं त्यांना शिव्या नकोत." आणि ठेवला.

आमचीच म्हणाला. तुझी म्हणाला नाही. तेवढ्या एका शब्दावर मी संध्याकाळ काढली. पण आक्काही म्हणाला नाही.

सोमवार, २१ जुलै

सीझन संपला. कट्ट्यावर त्यानं दोन ओळी टाकल्यात, माझं नाव नाही. पावण्यानं लिहिलंय, मर्दा, लई वाईट झालं.

दुपारी दवाखान्यातूनच सवयीनं त्याची बॅग लावायला गेले. पासवर्ड बदललाय. बरोबरच केलं. तरी स्क्रीनकडं बघत बसले. नव्या सीझनमध्ये तो उतरलेला दिसत नाही. गणपतीचं विचारायची हिंमत नाही.

घरी आले तर आईचं, "काय म्हणतोय त्यो?"

आज "म्हायत न्हाय," म्हटलं. आई ओल्या हातानं तशीच थांबली.

बाबांनी पेपर खाली केला. "काय केलंस तू त्याला?"

असा संताप आला! तीन वर्षांत पोराचं नाव काढलं नाही आणि आज मला जाब. म्हटलं, "तुमी केलं त्येच. त्याच्या भल्यासाठी, त्याला न इचारता. फक्त मी त्याला फोन करून सांगितलं. तुमी अजून सांगितलं न्हाई."

आई नुसतं "अगं" म्हणाली.

बाबा उठले. चपला घातल्या. आता तासभर देवळात जाऊन बसणार, नेहमीसारखे. दारापर्यंत गेले, तिथंच उभे राहिले, चपला काढून परत आत आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नंबर त्योच हाय का त्याचा?"

"त्योच."

फोन घेऊन बाहेर पायरीवर बसलेत. आईनं गॅस बंद केलाय, कुकरची शिट्टी मध्ये नको म्हणून. मी आत हे लिहितेय. खिडकीतून त्यांची पाठ दिसते, फोन कानाला लावलेला. आई खुणेनं विचारतेय, उचलला का. बाबा काही बोलत नाहीयेत. अजून रिंगच जात असेल, नाही तर तोही बोलत नसेल.