पूर्णिमाच्या वडिलांना माझी साइट चोर म्हणाली

आदरणीय पायगोंडा दाजी यांना निपाणीहून धाकटा मेहुणा सन्मती याचा कमरेत वाकून जय जिनेंद्र.

तुमची कंबर आता कशी आहे? त्रिशला आक्काचा राग शांत झाला का? इकडे आई-आप्पा बरे आहेत, मी बरा नाही. फोनवर तुमच्यापुढे माझी बोबडी वळते, म्हणून लिहून आप्पांच्या हाती पाठवतो.

माझ्यासाठी बेळगावची पूर्णिमा तुम्हीच सुचवलीत, आणि खरं सांगतो, दाजी, मला ती फार आवडली आहे. तिच्या वडिलांना तुम्ही छातीठोकपणे सांगितलेत की, समाजाची वधूवर साइट आमचा सन्मती घरच्या कॉम्प्युटरवर चालवतो, त्याची माहिती तिथेच बघा. ते बघायला गेले, तर पडद्यावर आले: ‘तुम्ही चोर आहात हे आम्ही ओळखले आहे. अर्ध्या तासाने पुन्हा यावे. आभारी आहोत.’ (मजकूर माझाच. चोराशीही नम्रपणे बोलावे, हे आप्पांचे संस्कार.) लगेच त्यांचा फोन. "पोरीच्या बापाला चोर म्हणतोस व्हय रं? अजून मानपान बी ठरलं न्हाय!"

मी तंबाखूच्या जुन्या वखारीत धावलो. (कॉम्प्युटर तिथेच असतो, घरात त्याच्या पंख्याने आप्पांची झोप मोडते.) वायर बदलली, बंद करून चालू केला, पोर्ट बदलला, तर जी साइट निदान चोर तरी म्हणत होती ती ‘एरर ५०२’ एवढेच म्हणून गप्प बसली. पोर्ट मुकाट्याने पूर्वीसारखा केला. आप्पा म्हणाले, तंबाखूचा ठसका लागला असंल. आई ओला फडका घेऊन आली, तिला हात जोडून परत पाठवले. शेवटी लाज सोडून पूर्णिमालाच मेसेज केला (ती साइट सांभाळण्याचेच काम करते) आणि मदतीला साइटच्या आत घेतले. दोष दारातल्या रिव्हर्स प्रॉक्सीचा निघाला. सोप्यात पाहुणे बसतात आणि चहाचा निरोप घेऊन एकटी सूनच आत जाते, तसे त्याचे काम. पण निरोप कुणाचा हे तो सांगतच नव्हता, त्यामुळे आतल्यांना वाटे, बारा कप ही एकटीच पिते. कुणीतरी एकाने चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला आणि साइटच्या आतल्या ॲपने अख्ख्या समाजाला एकच चोर समजून बाहेर काढले. प्रॉक्सीत एक ओळ लिहिल्यावर ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता आत जाऊ लागला, साइट उघडली. माझा जीव भांड्यात पडला.

आक्काला नमस्कार सांगा, कमरेला शेक द्या.

तुमचा,
सन्मती

ता. क. आता सगळे आत आहेत, एकच जण बाहेर आहे. दाजी, ते तुम्ही. तुमच्या स्कूटरचा नंबर हा तुमचा पासवर्ड नाही, कधीच नव्हता.

पुन्हा ता. क. पूर्णिमाचे वडील अडून बसले, आधी चोराचं नाव सांग, मग बोलणी. आप्पा म्हणाले, "जावयाचं नाव घ्यायचं न्हाय, माझं सांग." त्यांनी ते मानले. (आप्पांकडे साधा मोबाईलसुद्धा नाही.) पूर्णिमाने मात्र आत खरे नाव वाचले आहे. ती म्हणते, "लगीन करते, पण तुमच्या दाजींचा पासवर्ड माझ्याकडं राहणार." दाजी, पाया पडतो, हो म्हणा.