पहिली टाळी माझी होती

बोईसर,
१४ नोव्हेंबर २०२५

रामनाथदादा,

नमस्कार. हाताचं ड्रेसिंग आता कुठे करता? शिरगावहून पालघरला जावं लागत असेल. वहिनी बऱ्या असतील. प्लांट पुन्हा सुरू झालाय, तुमच्या जागी कमलेशला घेतलंय.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे. म्हणून लिहितोय.

ॲसिडच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह फुटून गोमा गेला, तुमचा हात भाजला, त्यानंतर साहेबांनी मला बोलावलं. "कामगार घाबरलेत. एखादा चांगला लाइफ कोच बघ." एचआरमध्ये मी एकटाच, त्यामुळे निवड माझीच. दोघं आले. पालघरच्या प्रतीक्षाबाईंनी आधी व्हॉल्व्ह फुटला ती जागा बघायला मागितली. म्हणाल्या, "मी एकेकाशी बोलेन. पण ते काय बोलले, हे तुम्हाला सांगणार नाही." दुसरे विपुलसर. ते प्लांटच्या दारातही आले नाहीत. "पूरा रेकॉर्ड करके देता हूँ," म्हणाले.

मी विपुलसरांना घेतलं. बाईंना कारखान्याचा अनुभव नाही, असं साहेबांना सांगितलं. खरं म्हणजे त्या व्हॉल्व्हबद्दल विचारतील, याची मला धास्ती होती.

हॉटेलच्या हॉलमधला तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मलाही तो उग्र अत्तराचा वास अजून नाकात येतो. साठ माणसं डोळे मिटून बसलेली, आणि तुम्हाला एकट्याला पुढे उभं केलेलं.

"रामनाथजी, उस दिन गोमा को वहाँ किसने भेजा?"

"मीच पाठवला."

"तो ज़िम्मेदारी किसकी?"

तुम्ही शेवटी "माझी" म्हणालात. त्यांनी तुम्हाला मिठी मारली. भाजलेला हात मध्ये चेंगरला, तुम्ही कळवळलात, आणि टाळ्या पडल्या. पहिली टाळी माझी होती, दादा.

जेवताना त्यांनी बासुंदी तीनदा मागून घेतली. बोटं चाटत मला म्हणाले, "आदमी टूटा, समझो सेशन सक्सेस." तरी मी त्यांच्या गाडीपर्यंत गेलो. दार उघडून धरलं.

गोमाला तुम्ही पाठवलं होतं, हे त्या माणसाला कसं कळलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दवाखान्यात रडताना तुम्ही ते फक्त मला सांगितलं होतं. सेशनच्या आधी त्यांनी विचारलं, "अंदर से सबसे ज़्यादा भरा हुआ कौन है?" मी तुमचं नाव दिलं. बाकीचंही सांगितलं.

साहेबांनी सरकारी चौकशीत रेकॉर्डिंगमधला तुम्ही "माझी" म्हणता तेवढाच तुकडा दाखवला, आणि तुम्हाला निलंबित केलं. कुंभवलीला जाऊन गोमाच्या बायकोला, नवसीला, तो मोबाइलवर कुणी दाखवला? मीच.

आणखी एक आहे. ते लिहायला आठवडा लागला. व्हॉल्व्ह गळतोय असे तुमचे दोन अर्ज जूनमध्ये माझ्याकडे आले होते. दोन्हींवर पोचेचा शिक्का मी मारला. साहेब म्हणाले, "शटडाउनला बघू, सध्या ठेव." मी ठेवले. आणि चौकशीत, 'असा कोणताही अर्ज आलेला नाही,' यावर सही केली.

स्वतःच्या अंगाचा वास यावा तसं झालंय मला.

सोमवारी पालघरला जाऊन दोन्ही अर्ज, माझा जबाब आणि पूर्ण रेकॉर्डिंग चौकशी अधिकाऱ्यांना दिलं. त्यात तुम्ही स्पष्ट म्हणताय, "पण मी दोनदा लिहून दिला होता," आणि विपुलसर म्हणतात, "बहाने नहीं." नेमकं तेवढंच आम्ही कापलं होतं. संध्याकाळी साहेबांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं.

काल नवसीकडे गेलो. ती तांदूळ पाखडत होती. सगळं सांगून होईपर्यंत तिने वर पाहिलं नाही. मग म्हणाली, "रामनाथनी मारला, असा मी कदी नाय बोलले. तुमीच बोललात." थोड्या वेळाने सूप खाली ठेवलं. "त्याला सांगा, घरी येऊन जा. गोमा त्याला भाऊ मानायचा." मला तिने बसा म्हटलं नाही.

तुम्ही तिच्याकडे नक्की जा.

चोवीस तारखेला अकरा वाजता तुम्हाला पुन्हा जबाबाला बोलावतील. मीही असेन. माझ्या तोंडावर जे बोलायचं ते तिथे सगळ्यांसमोर बोला. माफ केलं, एवढं मात्र म्हणू नका. तुम्ही भले आहात, म्हणून टाकाल. आणि मी ते लगेच खिशात घालून घरी जाईन.

फार उशिरा तुमच्या बाजूला आलेला,
भाग्येश