नेम बरोबर, काडतूस चुकलं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, वर्षश्राद्धही झालं, आणि एवढ्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही मला. आज ऑफिसला दांडी मारून बसलेय लिहायला. संध्याकाळी वेस्ट मांबलमला आपल्या घरी जायचंय आणि सुहाससमोर उभं राहायची हिंमत होत नाहीये. माझा सख्खा धाकटा भाऊ आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. त्याचं काही चुकलेलं नाही. त्याचा जीव माझ्यापायी गेला असता, बाबा!

घाबरू नका, तो धडधाकट आहे. पण सगळं सांगायचं तर तुमच्या रायफलपासूनच सुरुवात करावी लागेल.

ती सुहासला मिळावी असं तुम्ही लिहून ठेवलंत. का हो? वीस वर्षं तुमच्या शेजारी चटईवर पालथी पडून तीनशे मीटरवरच्या कागदाला भोकं पाडली ती मी. उन्हाने मान भाजून घेतली ती मी. सुहास रेंजवर यायचा तो कॅन्टीनच्या मेदूवड्यांसाठी! "तुला तुझी रायफल आहे की," असं म्हणाला असतात तुम्ही. आहे ना. पण ती तुमची नाही.

लायसन्ससाठी दुसऱ्या वारसाचं पत्र लागतं, 'माझी काही हरकत नाही' म्हणून. मी मुकाट्याने सही केली. हरकत होती, बाबा. चांगली गळ्यापर्यंत होती.

मग पंधरवड्यापूर्वी, मंगळवारी, सुहास पेरुंगुडीला माझ्या ऑफिसखाली आला, जेवणाच्या सुट्टीत. त्याच्या मित्राच्या, मुरळीच्या, मामांचं शेत आहे आंध्रच्या हद्दीत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केला होता, आणि कापणीला गेलेल्या एका बाईची मांडी सुळ्याने फाडली होती. वनखात्याने एक डुक्कर मारायची लेखी परवानगी दिली होती आणि गोळी सुहास झाडणार होता. लहानपणापासून शिकारीचं वेड त्याला! डोळे नुसते चमकत होते.

त्याने फोनवर फोटो दाखवला. तुमच्या कपाटातलं काडतुसांचं खोकं. तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरात वर लिहिलेलं, 'उत्तम'.

"अक्का, हीच ना सगळ्यात चांगली? का नुंगंबाक्कमला दुकानात जाऊन वेगळी विचारू?"

मला माहीत होतं, बाबा. आपल्या घरात फक्त मलाच माहीत होतं.

आठवतंय, मी पंधरा वर्षांची होते? तुम्ही त्या रविवारी दोन जातींची काडतुसं रेंजवर आणली होतीत. रद्दीचे दोन गठ्ठे बादलीत रात्रभर भिजवून ठेवलेले. पहिली गोळी आपली नेहमीची, स्पर्धेची, टोकापर्यंत टणक कवच असलेली. ती गठ्ठ्यातून अशी आरपार गेली, की मागे पेन्सिलीएवढं भोक. दुसरी शिकारीची, नाकाशी मऊ शिसं उघडं ठेवलेली. तिने गठ्ठ्याच्या आत जाऊन माझी मूठ मावेल एवढा खड्डा केला. "कागदाला फक्त भोक हवं असतं," तुम्ही म्हणालात. "जनावराला जागच्या जागी पाडायचं असेल तर गोळी आत जाऊन फुलली पाहिजे. नाहीतर ते जखमी होऊन पळतं, आणि तासन्‌तास मरत राहतं. जो पाठलाग करेल त्यालाही घेऊन जातं."

आणि खोकं बंद करता करता म्हणालात, "सुहासला यातलं सांगू नकोस. त्याच्या डोक्यात उगाच शिकार शिरेल."

शिकार आधीच शिरली होती, बाबा! तुम्ही फक्त अक्कल बाहेर ठेवलीत.

दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म गेला तुमचा. एकेक काडतूस सोनाराच्या तराजूवर तोलून घ्यायचात, कागदावर पाच भोकं एका रुपयाखाली झाकली गेली की खोक्यावर 'उत्तम' लिहायचात. कशासाठी उत्तम, ते नाही लिहिलंत. आपल्या घरात चांगलं काडतूस म्हणजे भोकं एकमेकांना खेटून पाडणारं, एवढंच. दुसऱ्या कोणाच्या घरी ही चूक झालीच नसती. शिकाऱ्याच्या पोराने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की मारायचं काय आहे?

सुहास उत्तराची वाट बघत होता. माझ्या मनात आलं, ज्याला एवढंही कळत नाही त्याला रायफल दिलीत! जाऊ दे, होऊ दे फजिती. डुक्कर पळून जाईल, हा हात हलवत परत येईल. एवढंच आलं मनात, शपथेवर सांगते. त्या बाईची मांडी आली नाही. डुक्कर आलं नाही. माणसं आली नाहीत.

मी म्हणाले, "हो. बाबांनीच लिहिलंय ना वर."

शनिवारी ऊन उतरताना मी गॅलरीत कपडे काढत होते. फोन वाजला.

"अक्का, लागली! खांद्याच्या मागे, अगदी सांगितलेल्या जागी. ऐंशी पावलांवरून! पण डुक्कर पडलंच नाही गं. मक्यात घुसलंय. पानांवर रक्त आहे."

"तू कुठे आहेस?"

"बांधावर. मी आत जातोय. ज्याने जखमी केलं त्यानेच संपवायचं असतं."

मागून मुरळी तमिळमध्ये ओरडत होता, "डेय, पोगादे!" जाऊ नको म्हणून. मका पुरुषभर उंच, बाबा. दोन हातांवरचं दिसणार नाही. आत भळभळणारं जनावर, आणि आपला सुहास हातात तीच काडतुसं घेऊन निघालेला. दुसरी गोळीही आरपारच जाणार होती.

मी किंचाळले, जाऊ नकोस. वनखात्याच्या माणसांना बोलाव, सगळ्यांना रस्त्यावर घे. तो ऐकेना. "माझा नेम चुकला असेल अक्का, मलाच निस्तरायला हवं," असं म्हणायला लागला. पाय वाजत होते त्याचे, वाळक्या पानांवर.

मग मला सांगावंच लागलं. "तुझा नेम चुकलेला नाही सुहास. काडतूस चुकलंय. ते कागदाचं आहे, जनावराचं नाही. मला मंगळवारी माहीत होतं."

पाय थांबले.

"माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

फोन बंद झाला. मी अकरा वेळा लावला, त्याने उचलला नाही. मुरळीनेही नाही. पाऊण तास मी ओले-सुके कपडे छातीशी धरून गॅलरीतच उभी होते आणि देवाला नाही, तुम्हाला शिव्या घालत होते. खरं सांगते.

शेवटी मुरळीचा फोन आला. सुहास बांधावर बसून होता, रायफल रिकामी करून. आत गेला नव्हता. वनखात्याची माणसं उजाडल्यावर कुत्री घेऊन आली, तेव्हा डुक्कर पाण्याच्या पाटात पडलेलं सापडलं. अजून श्वास चालू होता, बाबा. सगळी रात्र! त्यांनी संपवलं. दोन्ही अंगांना बारीक, नीटस भोकं होती म्हणे.

काल सुहासने मुरळीच्या हाती कागद पाठवले. रायफल माझ्या नावावर करायचा अर्ज, त्याची 'हरकत नाही'ची सही झालेली. वर्षभर मला हेच हवं होतं ना? कागद टेबलावर पडलेत, मला हात लावावासा वाटत नाही. सोबत चिठ्ठी होती, एका ओळीची. 'बाबांनी तुला सांगितलं, मला का नाही?'

काय उत्तर देऊ? तुम्हाला त्याला जपायचं होतं, हे मला कळतं. पण ज्याला जपायचं त्यालाच आंधळं ठेवायचं, ही कुठली रीत? रागावू नका. तुमच्यावर चिडायचा हक्क मी अजून सोडलेला नाही.

आणि सोपी वाट मला दिसतेय. 'बाबांनीच मनाई केली होती' एवढं म्हटलं की झालं. तुम्ही काही खोडून काढायला येणार नाही. सुहास तुमच्यावर रुसेल, मला माफ करेल, पुन्हा रविवारी जेवायला बोलावेल.

नाही म्हणणार मी तसं. तुम्हाला वचन देते. रद्दीच्या गठ्ठ्यांपासून सगळं त्याला सांगेन, तुमची मनाईसुद्धा. आणि मग त्याच्या डोळ्यांकडे बघून सांगेन, की पंधराव्या वर्षी मी गप्प बसले ते बाबांच्या सांगण्यावरून. पण त्या मंगळवारी तू विचारलंस तेव्हा बाबा नव्हते रे. मी एकटीच होते.

तुमची,
मंजिरी