झाकणाच्या आतलं नाव

मंचर
१२ डिसेंबर

प्रिय अमृत,

तुझा निरोप आणि फोटो मिळाले. उत्तर फोनवर दोन ओळींत देता आलं असतं. पण फोनवरचं तू वाचून पुसून टाकशील, म्हणून कागदावर लिहिते आहे. शिवाय सोबत एक नकाशा पाठवायचा आहे. फोटोबद्दल नंतर लिहीन. आधी गाडीबद्दल.

बोरीला तुमच्या शेडमध्ये मी ती पिकअप पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या हौद्यात टोमॅटोचे फुटके क्रेट होते आणि त्यांवर एक कोंबडी बसली होती. मी तुमच्या विहिरीवर सोलर पंप बसवायला आले होते. तुम्ही नवी गाडी घेतली होती आणि ही पंधरा वर्षांची गाडी नुसती उभी होती. तू म्हणालास, हिचं घर करायचं. मागे झोपायची जागा, पाणी, चूल, दिवे. कुठल्याही खांबाला, कुठल्याही नळाला न जोडता आठ-आठ दिवस राहता आलं पाहिजे. कच्छच्या रणात जायचं, जिथे रस्ताही संपतो. हे सगळं बॅटरीवर चालेल का, असं तू मला विचारलंस. मी म्हणाले, आधी काय काय चालवायचं ते ठरव. पंपाचं खोकं आपण उलटं केलं आणि त्यावर मी लिहिलं: दिवे चार, पंखा एक, छोटा फ्रीज, पाण्याची मोटर. तू खाली लिहिलंस: माणसं दोन. तेव्हा आपली ओळख तीन तासांची होती.

त्या दिवशी तुझ्या आईनं मला ओट्यावर बसवून कपबशीत चहा दिला होता. ‘ए पोरी, वायरीला हात लावती, भ्या न्हाई वाटत व्हय?’ असं विचारून त्या स्वतःच हसल्या. मग नाव विचारलं. यशोधरा. मग आडनाव. साळवे. ‘कुठलं साळवे?’ मी म्हणाले, मंचरचे, वडील वायरमन होते. त्या ‘बरं, बरं’ म्हणाल्या. दुसऱ्या चहाला कप नव्हता. स्टीलचा पेला होता, आणि तो ओट्यावर नाही, पंपाच्या स्टार्टरच्या पेटीवर ठेवलेला होता. ‘झाला की इसळून तिथंच ठीव, पोरी.’ आवाजात राग नव्हता. चार वर्षं तो पेला त्याच पेटीवर राहिला. मी तो विसळून ठेवत राहिले. तू ते बघत होतास. आई नसली की तू त्याच पेल्यातून चहा प्यायचास आणि माझ्याकडे बघायचास. मला ते पुरेसं वाटायचं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

गाडी मात्र चांगली झाली. आळेफाट्याच्या वेल्डरकडून वरचा सांगाडा, वजन पेलावं म्हणून मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, आत प्लायची जमीन, पलंगाखाली साठ लिटरची टाकी. पलंगाची लांबी तुझ्या उंचीवर धरली, रुंदी दोघांवर. टपावर पॅनेल. तारा मी ओढल्या, एकेक, प्लायच्या मागून, प्रत्येक वळणावर रबर घालून, कारण गाडी हलते आणि हलताना तार घासते. हे मला दादांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं. दादांची आणखी एक सवय होती. कुठल्याही घरात बोर्ड बसवला की झाकणाच्या आत पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहायचे. म्हणायचे, उद्या काही जळलं तर कोणाला बोलवायचं ते कळलं पाहिजे. बॅटरीच्या पेटीचं प्लायचं झाकण बसवताना मी पेन्सिल काढली. तू म्हणालास, नुसतं यशोधरा लिही, तेवढंच छान दिसतं. मी नुसतं यशोधरा लिहिलं. चार वर्षांत मी एवढं एकच काम दादांच्या पद्धतीनं केलं नाही.

डिंभ्याला दोन दिवस राहून आलो, ते तुला आठवत असेल. धरणाच्या मागच्या पाण्यावर, माणसांपासून लांब. गाडीची परीक्षा होती. सगळं चाललं. फ्रीजमध्ये दूध टिकलं, मोटरनं पाणी ओढलं, बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळीच दार लावून घेतलं तरी आत पंखा फिरत होता. सकाळी एक म्हातारा मच्छीमार आला. धर्माजी नाव सांगितलं. त्यानं तीन मरळ दिले आणि गाडीभोवती फिरून विचारलं, ‘पावणं, ह्ये लई भारी काम हाय. कुनी केलं?’ तू चूल पेटवायला वळलास. मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, ‘ताई कुठल्या?’ मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, ‘पुण्याच्या. जोशी.’ मी त्या वेळी दगडावर बसून मासा साफ करत होते. म्हातारा थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘जोशीनबाई, मासा लई झ्याक साफ करता की वो.’ तू खूप हसलास. मीही हसले. तो गेल्यावर तू म्हणालास, ‘अगं, उगीच चौकशी नको म्हणून.’ त्या माणसाला चौकशी करायचीच नव्हती. तो गाडीचं कौतुक करत होता.

रणात जायचं ते हिवाळ्यात. दिवाळी झाली की निघायचं, आणि परत आल्यावर घरी सांगायचं, असं ठरलं होतं. गाडी तयार झाल्यावरच्या पहिल्या दिवाळीला तू म्हणालास, बाजूला छप्पर पाहिजे, उन्हात उभं राहायचं कुठे. छप्पर लागेपर्यंत शिमगा आला. दुसऱ्या दिवाळीला तुला दुसरी बॅटरी हवी झाली. तिसऱ्या दिवाळीला टाकी प्लास्टिकची नको, स्टीलची हवी. मी प्रत्येक वेळी वाद घातला, तो तांत्रिक. बॅटरी पुरते, टाकी चांगली आहे, असा. दर वर्षी तू आमच्याकडे फराळाला यायचास. आई तुझ्यासाठी मासवडी करायची, तू दोनदा मागून घ्यायचास, आमच्याच ताटलीत, आमच्याच कपात चहा. दादा विचारायचे, ‘काय राव, निघाली का गाडी?’ तू सांगायचास, थोडं राहिलंय. तिसऱ्या वर्षी दादा म्हणाले, ‘पावणं, येवढ्या येळात मी आख्ख्या गावाला लाईट दिली व्हती.’ सगळे हसले. तू गेल्यावर दादा मला म्हणाले, ‘ती गाडी कुठं जायची न्हाई.’ मला वाटलं, ते पाट्यांबद्दल बोलताहेत.

मग या वर्षीचा मार्च. मी पलंगावर उताणी पडून माझ्या बाजूचा वाचायचा दिवा जोडत होते. तू मागच्या दारात उभा होतास. म्हणालास, ‘घरच्यांनी मुलगी बघितलीय. मी नाही म्हटलं होतं.’ मी विचारलं, कधी म्हटलं होतं? तू म्हणालास, ‘तो दिवा लागतो का बघ.’ मी दोन्ही टोकं पिळली, पट्टी लावली, बटण दाबलं. लागला. पेचकस पुसून पिशवीत ठेवला आणि खाली उतरले. पेला विसळायला गेले, मग विसळला नाही. तसाच पेटीवर ठेवला, तळाला चहाची पूड राहिलेली. एवढाच माझा राग. तुझ्या बायकोला, हर्षालीला, सांग, डावीकडच्या दिव्याचं बटण तिला चुकीच्या बाजूला वाटेल. मी डावखुरी आहे. तिचा यात काही दोष नाही.

दिवाळीत तू टाकलेला व्हिडिओ पाहिला. मुद्दाम नाही पाहिला; आमच्या सोलरच्या दुकानातल्या पोरांनी दाखवला, ‘मॅडम, ही गाडी बघा,’ म्हणून. तू सगळं नीट समजावलं आहेस. पाणी कुठे, कप्पे कसे सरकतात, हर्षाली दारातून दिवे लावून दाखवते. काम सगळं स्वतः केलं म्हणतोस. आणि वायरिंगवर आल्यावर म्हणतोस, ‘हे एका ओळखीच्या वायरमनकडून करून घेतलं.’ पोरांनी व्हिडिओ थांबवून तारांची ठेवण बघितली. एक म्हणाला, ‘हाताला लई सफाई हाय त्येच्या.’

आता फोटो. तू लिहितोस, परवापासून काहीच लागत नाही, पावसाचं पाणी गेलं असेल. दिवाळीच्या व्हिडिओत सगळे दिवे लागत होते, आणि त्यानंतर तुमच्याकडे पाऊस नाही. शिवाय टपाचे सांधे मी स्वतः भरले आहेत. पाणी वरून आलेलं नाही. तुझ्या फोटोत प्लाय आतून, मधोमध फुगलेला आहे, म्हणजे कोणीतरी आत उभं राहून ओतलं. बॅटरीच्या तांब्याच्या पट्टीवर हिरवा थर आहे. साध्या पाण्यानं थोड्या दिवसांत इतका हिरवा थर येत नाही, ज्यात क्षार असतात त्यानं येतो. आणि फ्यूजच्या रांगेमागे एक तुळशीचं पान चिकटलं आहे. गेल्या महिन्यात तुझं लग्न झालं. नवी सून गाडीत मुक्कामाला जाण्याआधी तुझ्या आईनं गाडी आतून गोमूत्रानं धुतली. जिथे मी झोपले होते तो पलंग, जिचं पाणी मी प्यायले ती टाकी, आणि माझे हात सगळ्यात जास्त लागले ती पेटी, तिचं झाकण उघडून. गाडी शुद्ध झाली आणि बंद पडली. मला त्यांचा राग आला नाही म्हणणार नाही. पण त्यांनी चार वर्षांत मला काही वेगळं सांगितलं नव्हतं. पेला पहिल्या दिवसापासून स्टार्टरच्या पेटीवरच होता.

तू पुढे विचारलं आहेस, ‘जाताना तू काही काढून ठेवलंस का? राग असेल तर समजू शकतो.’ हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. एक फ्यूज काढणं मला अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी तुझ्या लग्नाची बातमी ऐकून दिवा जोडून गेले, हे तू दारात उभा राहून पाहिलं आहेस. मग पुन्हा फोटोकडे वळले, तर पेटीचं झाकण उघडं दिसलं. आतली बाजू. नाव तिथे नाही. घासपट्टीनं घासलं आहे, गोल गोल. अमृत, तुझी आई घासपट्टी वापरत नाही. आणि प्लाय रेषेच्या दिशेनं घासायचा असतो, हे मी तुला चार वर्षं सांगत आले. तू कायम गोल घासतोस.

म्हणून हे पत्र. तू लिहितोस, ‘रविवारी ये, आई आणे गावच्या यात्रेला जाणार आहे, घरी कोणी नसेल.’ मी येणार नाही. त्या रविवारी नाही आणि आई ओट्यावर बसलेल्या असतील त्या दिवशीही नाही. इन्व्हर्टर जळला आहे, तो नवा आण. बॅटरीची दोन्ही टोकं सोडव, आधी काळं, मग लाल. पट्ट्या उघडून स्वच्छ पाण्यानं धू, दोन दिवस उन्हात ठेव, फ्यूजची रांग बदल. बाकी सगळं नकाशात आहे. प्रत्येक तार कुठून निघते, प्लायमागून कशी जाते, कुठे वळते. नकाशाशिवाय कोणालाच ते सापडणार नाही, कारण एकही तार वर दिसत नाही, तुलाच तसं हवं होतं. तो कागद झाकणाच्या आत चिकटव. नाव आणि तारीख घातली आहे, या वेळी शाईनं, आडनावासकट. कोपऱ्यात नाही, मधोमध. नकाशातली मुख्य तारेची रेघ त्या अक्षरांमधूनच काढली आहे. नाव कापलंस तर तारही जाईल.

तुझ्या ओळखीचा वायरमन,
यशोधरा पोपट साळवे