तळाची खरवड

आई, खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो म्हणून मला घाबरवायचीस आणि तू स्वतः मात्र जन्मभर पातेलं खरवडत बसलीस, हे कसलं गं वागणं? एकदा तरी धड सांगायचं होतंस. आवडते म्हणून खाते, नाहीतर दुसरं काही उरत नाही म्हणून खाते. दोनातलं एक. पण तुझं तोंड उघडायचं ते रागवायलाच. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी पुण्यातून उठून आयर्लंडला येऊन पडले, आणि ब्लँचर्डस्टाउनच्या फ्लॅटमध्ये कागद घेऊन, चौथीपर्यंत शिकवलंस तेवढ्या अक्षरांत तुला विचारत बसलेय. कारण तुझ्यापायी परक्या घरात माझी शोभा झालीय आणि लेक माझ्यासमोर धड जेवत नाहीये.

परकं घर म्हणजे माझ्या होणाऱ्या विहिणीचं. तुझी नात लग्न करतेय. मुलगा पेरू देशातला. असा देश आहे, मलाही आधी फळच ठाऊक होतं. दोघं मेनूथच्या कॉलेजात एकत्र होती. तो आईबरोबर मेनूथलाच राहतो, वडील वारले. मागल्या महिन्यात विहिणीनं आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. तुझा जावई इथल्या हॉटेलात तंदूरवर असतो, त्याला रविवारी कसली सुट्टी, म्हणून मी आणि लेक दोघीच बसनं गेलो. जाताना लेक मला शिकवत होती, "मॅम, प्लीज, जास्त प्रश्न विचारू नकोस हं." इथल्या पोरी आईला मॅम म्हणतात, ही पण म्हणते. बोलते सगळं इंग्रजीत, मी आपलं तुला कळेल असं लिहितेय.

मी काय हॉलमध्ये बसणारी बाई आहे का? सरळ आत गेले. विहीण माझ्याच वयाची, बुटकी, केस लाल रंगवलेले, इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. कोंबडीचा भात करत होती. बघ हं, कसा करतात. कोंबडीचे तुकडे आधी तेलात लाल करायचे आणि काढून ठेवायचे. त्याच तेलात कांदा, लसूण आणि जिरं. जिरं गं, आपलंच. इतक्या लांबचं माणूस आणि जिरं घालतं, मी डबीला नाक लावून बघितलं तेव्हा खात्री पटली. मग एका बाटलीतलं पिवळ्या मिरचीचं वाटण, तसली मिरची तिच्या देशाशिवाय कुठं होत नाही म्हणे. मग कोथिंबीर. आपण वरून भुरभुरतो, तिनं जुड्याच्या जुड्या देठांसकट मिक्सरला फिरवल्या आणि सगळं हिरवंगार ओतलं. मला वाटलं आता झालं, तर तिनं काळ्या बिअरची बाटली उघडली आणि गळगळ पातेल्यात. मी म्हटलं, "बाई, दारू?" ती म्हणाली, "चिकन ड्रिंक. यू, नो." आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसली. मग तांदूळ, मटार, गाजर, वर ती लाल केलेली कोंबडी, आणि झाकण. गाईचं आम्ही खात नाही हे लेकीनं आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर त्या लोकांत मांस, कांदा, टोमॅटो मोठ्या आचेवर परतून त्यातच तळलेले बटाटे घालतात आणि बरोबर परत भात. बटाटा आणि भात एका ताटात, वर चायनीजचा सॉस. हे कुणी कुणाला शिकवलं असेल, मला फार विचारावंसं वाटत होतं, पण लेकीची ताकीद होती.

आणि पातेलं कसलं, तर जर्मनचं, ॲल्युमिनियमचं गं! तुझ्या पातेल्यासारखंच, बुडाला पोचा आलेलं, देशातून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेलं. मी विचारलं, इथं एवढी चांगली नॉनस्टिक मिळतात, हे ओझं कशाला आणलंस? ती नुसती बोट वर करून थांब म्हणाली. भात शिजल्याचा वास आला तरी ती शेगडीचं बटण बंद करेना. बारीक करून ठेवलं आणि पातेल्याजवळ कान नेऊन ऐकत राहिली. तिथंच मला काहीतरी आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

जेवायला बसलो. बरोबर पातळ चिरलेला कांदा, लिंबू पिळलेला. पातेलं टेबलावरच ठेवलेलं. विहीण वाढायला लागली तशी मी सवयीनं तिच्या हातातून उलथनं घेतलं, वरचा मोकळा भात त्या सगळ्यांसाठी बाजूला सारला आणि तळाची खरवड खर्रकन काढून माझ्या ताटात घेतली. सगळी. मुलगा माझ्या ताटाकडे बघतोय, विहीण माझ्याकडे, लेक जमिनीकडे. मग विहीण तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"काय म्हणाली?" मी लेकीला विचारलं. तिला आता ती भाषा कळते.

"काही नाही."

"सांग म्हणते ना."

"म्हणाली, तुझी आई दिसते साधी, पण हात चलाख आहे."

तेव्हा कळलं. त्या लोकांत खरवड म्हणजे भातातला सगळ्यात मोठा मान. कोंकोलोन म्हणतात तिला. घराघरांत तिच्यावरून भांडणं. नवरा होता तोवर ती त्याची असायची, आता मायलेक वाटून खातात. आणि मी पाहुणी, पहिल्याच दिवशी येऊन सगळी लाटली! मी लेकीला म्हटलं, सांग तिला, चांगला भात तुम्हाला राहावा म्हणून मी करपलेलं घेतलं. लेकीनं सांगितलं. विहिणीला काही पटेना. "करपलेलं?" म्हणून तिनं छातीला हात लावला, जशी मी तिच्या माहेरालाच नावं ठेवली. मग उठून माझ्याजवळ आली, माझ्या ताटातला तुकडा बोटांनी मोडला, "हाफ," म्हणाली आणि तिथंच उभ्यानं कुरूमकुरूम खाल्ला. नंतर माझ्या पाठीवर थाप मारली. ती बाई चांगली आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

लेक मात्र बसमध्ये पेटली. "मॅम, तू रोज हेच करतेस. करपलेली पोळी तुला, कालचा भात तुला, कोंबडीची मान तुला. आणि मी तुझ्यासमोर बसून तंगडी खायची. कसं वाटतं माहितेय?"

"आई आहे मी. काय बिघडलं?"

"आवडतं का तुला ते?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"सोपा प्रश्न आहे, मॅम. आवडत असेल तर ग्रँड. मी भांडून अर्धं घेईन. आवडत नसेल तर प्लीज बंद कर. मला लग्नानंतर कोपऱ्यात बसून करपलेलं खायचं नाहीये. आणि मी खाणार, मला माहितेय, कारण मी लहानपणापासून तेच बघितलंय."

तेव्हापासून ती जेवायला बसली की आधी माझं ताट बघते. त्यात काही काळंबेरं दिसलं की स्वतःचं ताट सारून उठते. लग्नाला आलेली पोर उपाशी उठते, आणि कशावरून, तर माझ्या ताटावरून. तिला मी काय सांगणार? मी खाते कारण तू खायचीस. तू का खायचीस, तिथं येऊन गाडी अडते.

म्हणून हल्ली ऑफिसांतल्या लाद्या पुसता पुसता मी तुलाच आठवत असते. रविवार आहे. दादांनी अर्धा किलो मटण आणलंय आणि घरात खाणारी तोंडं सहा. आधी दादा आणि भाऊ, बापलेक जेवतात, मग आम्ही बहिणी. तू शेवटी, दाराकडे पाठ करून, पातेलं मांडीशी घेऊन. मी पाणी प्यायला आत येते तर तू पटकन पातेल्यावर झाकण टाकतेस. मी झाकणाला हात लावते तर हातावर फटका. "लग्नात पाऊस पडेल, मेले!" मला वाटायचं, बिचारीला काही उरलं नाही आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून झाकते. त्या झाकणापायी मला मटण कधी सुखानं गिळवलं नाही. पण विहिणीनं पातेल्याला कान लावलेला बघितल्यापासून दुसरंच दिसायला लागलंय. तूही स्टोव्ह लगेच बंद करायची नाहीस. भात झाला तरी वात बारीक करून ठेवायचीस. रॉकेलच्या थेंबाथेंबावरून आमच्यावर ओरडणारी तू, मग ते रॉकेल कशासाठी जळत होतं? आणि रश्शावरची तर्री चमचाभर घेऊन भाताच्या कडेकडेनं सोडायचीस, ती कुणासाठी?

पेठेतल्या खाणावळीत तू स्वयंपाकाला होतीस, तिथं मला एकदा शाळेला सुट्टी म्हणून घेऊन गेली होतीस. मोठाली पातेली, मटणाला तोटा नव्हता. दुपारची गर्दी सरल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, नीट वाढून घे की." तू म्हणालीस, "मला आपली खरवडच द्या." त्या म्हणाल्या, "हिला मटण देतेय तर हिचे चोचले बघा!" आणि तू हसलीस. घरी तू हसायची नाहीस म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. आता सांग, त्यांचे उपकार नकोत म्हणून म्हणालीस, का खरंच चोचले होते?

आणि माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीचं काय? घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तू माझ्या ताटात अख्खी खरवड आणून ठेवलीस. न मोडलेली, गोल, भाकरीसारखी. मी भडकले. "शेवटच्या दिवशी पण मला करपलेलंच का?" आणि ताट सारलं. तू ती उचललीस आणि आत गेलीस. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. पडेल कसा, मी खाल्ली कुठं होती? पण आई, उद्या लग्न असताना आज खरवड वाढतेस, म्हणजे ते पावसाचं सगळं थापच होती ना? आम्ही पोरांनी हात घालू नये म्हणून मारलेली? इथं तर विचारूच नकोस, कुणी खावो न खावो, लेकीच्या लग्नात पडणारच आहे.

या रविवारी विहीण आमच्याकडे येतेय. तिचं पातेलं घेऊन येणार, भात मी करायचा आणि ती नुसती बघणार. तिनं लेकीकरवी निरोप धाडलाय, या वेळी सगळी कोंकोलोन तुझी, मी मागणार नाही. म्हणजे ती सगळ्यांसमोर माझ्या ताटात वाढणार आणि लेक माझ्या तोंडाकडे बघणार.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं म्हणून करून बघितला. ओट्याखालच्या प्रेसमधून, इथं कपाटाला प्रेस म्हणतात, तुझं धाकटं पातेलं काढलं. तू गेल्यावर मी मागून घेतलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. पिवळी मिरची नव्हती, आपली हिरवी घातली. बिअरच्या जागी पाणी. कोथिंबीर मात्र तिच्यासारखीच, हात न आखडता. भात झाल्यावर बटण बारीक केलं आणि कान लावला. थोड्या वेळानं आतून चुरचुर ऐकू यायला लागलं. वरचा भात काढून ठेवला, खरवडलं आणि ओट्याशी उभी राहून गरम गरम खायला लागले. कुणासाठी काही वाचवायचं नव्हतं, बघायला कुणी नव्हतं. दुसरा तुकडा मोडला तेवढ्यात दाराला किल्ली लागली. लेक लवकर आली होती. आणि मी काय केलं असेल? पटकन पातेल्यावर झाकण टाकलं.

"काय खातेस, मॅम?" म्हणून ती दारातच उभी राहिली. तोंडात घास होता, मी नुसती मान हलवली.

झाकण का टाकलं, मला सांगता येत नाही. लाज वाटली म्हणून, का तिला अर्धं द्यावं लागेल म्हणून. हे मी कुणाला बोलले नाही. तुला बोलतेय, कारण हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला ठाऊक नाही आणि मी टाकणारही नाही. पण उत्तर मला पाहिजे. तू झाकण का टाकायचीस? रविवारी दुपारी विहीण पातेलं घेऊन दारात उभी असेल. शनिवारपर्यंत सांग.