मामाच्या कॅमेऱ्याची पितळी रिंग

२ मार्च
माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी महिनाअखेर नोकरी सोडून दूरच्या शहरी जाणार आहे. मुद्रणालयात गेली तीन वर्षे ती मूळप्रत मोठ्याने वाचते आणि मी समोरचे मुद्रित तपासते. म्हणजे आमच्यात रोज सहा तास संभाषण होते, स्वल्पविरामांसह. इतक्या निकट मैत्रीचा निरोप चार शब्दांत उरकणे मला प्रशस्त वाटत नाही. ठराव: तिच्यावर चित्रपट काढायचा.

४ मार्च, सायं. ६
मामाचा किल्लीचा सिनेकॅमेरा माळ्यावरून काढला. लेन्स नाही. पेटीत त्याच्याच दुसऱ्या, लहान कॅमेऱ्याची लेन्स सापडली. आटे जुळत नाहीत. आई म्हणाली, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिला एकदा घरी जेवायला बोलाव की. आईला कलेची दृष्टी नाही.

९ मार्च
दुरुस्तीवाल्या काकांनी दोन्ही आटे जुळवणारी पितळी रिंग दिली. वर ऐकवले की, बसेल हो ताई, पण बसली म्हणजे दिसलं असं नाही. या लेन्सला फिल्म अगदी लगत लागते, रिंगमुळे लेन्स अर्धा सेंटिमीटर पुढे राहणार, मग चार बोटांवरचं तेवढं स्पष्ट, बाकी सगळं धुकं. शाळेत शास्त्र विषयात मी सतत पहिली होते, हे त्यांना सांगितले नाही. विनय.

१५ मार्च
रीळ एकच मिळाले. पावणेतीन मिनिटांचे. पाहण्याची खिडकी लेन्सच्या शेजारी, निराळी आहे. तीतून समोरचे झाड पानापानांसह लख्ख दिसले. काकांचा आक्षेप निकालात निघाला.

२१ मार्च
तिने विचारले, काय गं, हल्ली डबा उघडायच्या वेळेला कुठे गायब होतेस? मी म्हटले, काम असते. वस्तुतः मागच्या अंगणात पावले मोजते. वीस फूट अंतर निश्चित केले. याहून जवळ गेल्यास तिला संकोच वाटेल.

३० मार्च
निरोप समारंभ. योजनेबरहुकूम मी वीस फुटांवर. सगळ्या जणींचा तिच्याभोवती गराडा. ती प्रत्येकीला चिठ्ठीवर नवा पत्ता लिहून देत होती, मी कॅमेऱ्याला किल्ली देत होते. सारे सुरळीत चालले असता ती तडक माझ्याकडे आली. ते डबडं ठेव बघू खाली, तीन वर्षं नुसता माझा आवाज ऐकलास, आज जरा तोंड दाखव, असे म्हणत लेन्सच्या पुढ्यात तळवा धरला. कळ दाबलेलीच होती. दोन सेकंद फिल्म वाया. मी म्हटले, बाजूला हो, उजेड अडतो.
ती बाजूला झाली. पत्त्याची चिठ्ठी मागायची राहून गेली.

१ एप्रिल
खुर्ची रिकामी. तूर्त मूळप्रत मीच वाचते आणि मीच तपासते. कामाचा वेग वाढला आहे. स्वल्पविरामाशी मात्र थांबायला होते.

१९ एप्रिल, दु. ४
धुऊन आलेली फिल्म काकांनी दुकानाच्या भिंतीवर दाखवली. करडे धुके, त्यात हलणारे डाग. त्यांतला कोणता डाग ती, हे मी चालण्यावरून ओळखले. निदान काकांना तसे सांगितले.
मग एकाएकी भिंतभर तळवा. रेषान् रेषा. तर्जनीवर लाल शाईचा ठिपका. माझे पेन ती न विचारता घ्यायची. दोन सेकंद. पुन्हा धुके.
काकांनी न सांगता रीळ मागे फिरवले आणि तेवढेच पुन्हा लावले. हात कुणाचा, विचारले. मी म्हटले, मैत्रिणीचा. मग हे तिला पाठवा, असे म्हणून त्यांनी तेवढा तुकडा कापून पाकिटात घातला, पाकीट माझ्यापुढे सरकवले आणि पत्ता लिहायला पेन दिले.
पत्ता लांबलचक आहे, घरी जाऊन सावकाश लिहीन, असे मी त्यांना सांगितले.